घोडा अडला तर आधी खूर पाहा

मार्गशीर्ष जवळ आला की या सदराकडे घोड्यांविषयीची पत्रे वाढतात. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा तोंडावर आलेली असते, कोणी घोडा विकायला काढलेला असतो, कोणी घ्यायला निघालेला असतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेल्या वरातींतून दमून आलेल्या घोड्यांची दुखणीही याच सुमारास डोके वर काढतात. या वेळच्या पत्रांपैकी सहा पत्रे खुरांविषयीची निघाली, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. पत्रे लांब होती, ती येथे थोडक्यात दिली आहेत. उत्तरांत खुराच्या बाहेरच्या कठीण कवचाला 'भिंत' म्हटले आहे, आणि पाय उचलल्यावर तळव्याच्या मागच्या भागात जो रबरासारखा लवचीक त्रिकोण दिसतो त्याला 'पुतळी' म्हटले आहे.

प्रश्न : आमची घोडी वरातीसाठी जाते. हंगामातल्या पहिल्याच वरातीहून परतल्यावर तिने रात्री दावे तोडले आणि म्हशींसाठी भरडून ठेवलेल्या मक्याचे पोते फोडून सहा-सात किलो भरडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती ठीक वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, मागच्या पायांवर भार देऊन उभी होती आणि पाऊल टाकेना. अंग धरले असेल असे समजून आम्ही तिला डांबरी रस्त्यावर तासभर चालवले आणि बांबूच्या नळकांड्याने गोडेतेल पाजले. ती आणखीच बिघडली. आमचे काय चुकले?
(एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : आपले पत्र मिळाले त्याच दिवशी दूरध्वनीवरून आपल्याला डॉक्टर बोलावण्यास सांगितले होते. आता तेच सविस्तर लिहितो, कारण आपण केले तेच या भागातील दहांपैकी नऊ घरांत केले गेले असते.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पाने का सडली, हे कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे आणि 'न फिरवल्यामुळे' हे त्याचे उत्तरही पाठ आहे. भाकरीच्या आणि पानांच्या बाबतीत ते उत्तर खरे आहे. घोड्याच्या बाबतीत मात्र अडलेला घोडा फिरवला की मोकळा होतो ही समजूत त्या कोड्याइतकीच घट्ट बसलेली आहे, आणि आपल्या घोडीला जो आजार झाला त्यात या समजुतीइतके घातक दुसरे काही नाही. या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. खेड्यात 'घोडा जखडला' असे म्हणतात.

खुराच्या आत एक हाड असते. भिंतीच्या आतल्या बाजूला वहीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे असतात, त्यांतल्या मुख्य पापुद्र्यांची संख्या एका खुरात सुमारे ६०० असते, आणि हाडावरच्या तशाच पापुद्र्यांत ते बोटांत बोटे गुंफावीत तसे गुंफलेले असतात. घोड्याचे वजन तळव्यावर टेकलेले नसून या गुंफणीवर टांगलेले असते. ती सुजली आणि सुटू लागली की वजनाच्या दाबाने आणि मागून ओढणाऱ्या जाड स्नायुबंधाच्या ताणाने हाडाचे टोक खाली फिरते आणि आतून तळव्यावर रुतू लागते. अशा घोड्याला चालवणे म्हणजे सुटत चाललेली गुंफण प्रत्येक पावलागणिक उसवणे होय. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून हा आजार बहुधा पुढच्या खुरांत जाणवतो आणि म्हणूनच आपली घोडी भार मागे घेऊन उभी होती. ती आळसाने किंवा हट्टाने अडली नव्हती. आपले दुखणे तिने उभे राहण्याच्या ढबीतूनच सांगितले होते.

भरडा पोटात आणि आजार पायात, हे कसे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. घोड्याचे जठर लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. धान्यातील पिष्ट लहान आतड्यात पचण्याच्या मर्यादेपलीकडे गेले की ते मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जंतू ते आंबवतात, आम्ल वाढते, चारा पचवणारे उपयोगी जंतू मरतात आणि त्यातून सुटलेली विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात. पापुद्र्यांवर त्याचा परिणाम दिसायला साधारणपणे एक ते दोन दिवस लागतात. इथेच घोडं पेंड खातं. जो दिवस आपल्याला 'घोडी ठीक आहे' असे वाटण्यात गेला, तोच उपचाराचा खरा दिवस होता. घोड्याने पोत्यावर ताव मारल्याचे लक्षात येताच, तो कितीही टवटवीत दिसत असला तरी, डॉक्टरांना बोलवावे, दाणा पूर्ण बंद करावा, फक्त वाळलेला चारा आणि पाणी ठेवावे. डॉक्टर नाकातून जठरात नळी घालून औषध देतात. नळकांड्याने तोंडात तेल ओतणे मात्र कायमचे सोडून द्या, कारण ते श्वासनलिकेत गेले तर खुराआधी फुप्फुसच जीव घेते.

त्या मधल्या काळात एक उपाय आपल्या हातात आहे आणि तो स्वस्त आहे, तो म्हणजे बर्फ. खूर आणि त्यावरचा नळीच्या हाडाचा भाग बर्फाच्या पाण्यात सलग ४८ ते ७२ तास थंड ठेवला तर पापुद्र्यांची हानी रोखता येते किंवा बरीच कमी करता येते. दहा मिनिटे पाइपने पाणी मारून हा परिणाम मिळत नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे हातभर तुकडे कापून, खालून घट्ट बांधून, पायात मोज्यासारखे चढवून त्यांत बर्फ भरत राहिलेले एक कुटुंब मी पाहिले आहे. घरातल्या तीन पिढ्यांनी आळीपाळीने पहारा दिला होता आणि घोडा वाचला होता. घोडा लंगडू लागल्यावरही सुरुवातीच्या काळात डॉक्टर बर्फ सुचवतात, परंतु तेव्हा त्याचा लाभ कमी मिळतो.

आता पुढचे. घोडीला वाळूच्या जाड थरावर ठेवा, बसू इच्छित असेल तर बसू द्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तबेल्याबाहेर काढू नका. तळव्याला आधार देण्यासाठी जाड थर्मोकोल खुराच्या मापाने कापून चिकटपट्टीने बांधतात, आणि मंडपाच्या सजावटीतले थर्मोकोल वरातीच्या घोड्याच्या मालकाला शोधावे लागणार नाही. वेदनाशामक औषध डॉक्टरांच्याच हातून द्यावे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यास आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, कारण त्या औषधाचा अंश असलेले मृत जनावर खाऊन गिधाडे मरतात. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचे इंजेक्शन घोड्यात हाच आजार भडकवू शकते, म्हणून 'ताकदीचे इंजेक्शन' म्हणून कोणी काही टोचू लागला तर त्याचे नाव आधी विचारावे. एक्स-रे काढणे शक्य असेल तर तो जरूर काढावा, कारण हाड किती फिरले आहे हे त्याशिवाय कळत नाही. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये आपल्या विभागातच आहेत, परंतु घोडी हलवायची की डॉक्टरांनी येऊन पाहायचे हे आधी फोनवर ठरवावे. दुखऱ्या पायांवर टेम्पोतला प्रवास ही साधी गोष्ट नाही.

पुतळीच्या टोकापुढे तळवा फुगलेला दिसला किंवा खुराच्या वरच्या कडेला, जेथे केस संपतात तेथे, बोट रुतेल अशी खोबण पडली, तर हाड खाली सरकत असल्याचा संशय घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

हा आजार केवळ दाण्यानेच होतो असे नाही. घोडी व्याल्यावर तीन तासांत वार पडली नाही तर ती अडकली असे धरावे, कारण ती कुजून होणाऱ्या विषबाधेतूनही घोडी जखडते. गायी-म्हशींची वार पडायला लोक रात्रभर वाट पाहतात आणि तीच सवय घोडीला लावतात. एका पायाला मोठी इजा झाल्याने सगळा भार दुसऱ्यावर आलेला घोडा, आणि वर्षभर दाणा खाऊन हंगामापुरताच चालणारा, मानेवर चरबीची वळी चढलेला घोडा, हे दोघेही याच वाटेवर असतात. ३०० किलोच्या आसपास वजनाच्या घोड्याला एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त चंदी, म्हणजे दाणा, देऊ नये. वरातीत कौतुकाने चारले जाणारे बुंदी, गूळ आणि भात यांना मालकाने हात जोडून नकार द्यावा.

प्रश्न : गावात बैलांना लाळ्या-खुरकूत आली आहे. त्याच गोठ्यात आमचे तट्टू बांधलेले असते. त्याला लागण होईल का?
(एक वाचक, सेलू तालुका, जि. परभणी)

उत्तर : होणार नाही. लाळ्या-खुरकूत हा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा, म्हणजे गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांचा रोग आहे. घोडा एकखुरी आहे. मात्र तट्टूच्या पायांना आणि आपल्या चपलांना लागलेल्या लाळेतून व शेणातून विषाणू दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतो, म्हणून तट्टू साथ संपेपर्यंत घरीच ठेवावे. त्याच्या तोंडात फोड दिसले किंवा ते लंगडू लागले तर खुरकूत समजून सोडून देऊ नये, कारण वेगळे शोधावे.

प्रश्न : आमच्याकडे घोड्याचा नालबंद राहिलेला नाही. बैलांना पत्री मारणाऱ्या कारागिराकडून घोड्याला नाल मारून घेतली. तिसऱ्या दिवसापासून घोडा उजवा पुढचा पाय टेकवत नाही. पायावर सूज किंवा जखम दिसत नाही. मुरगळला असावा असे वाटून शेकत आहोत. जवळच्या एका दवाखान्यातून प्रतिजैविकाची तीन इंजेक्शने दिली, फरक नाही.
(एक वाचक, केज तालुका, जि. बीड)

उत्तर : शेकणे थांबवा आणि नाल काढा. घोडा अचानक पाय टेकवेनासा झाला, वरच्या पायावर काही दिसत नाही आणि नुकतीच नाल मारलेली आहे, अशा वेळी नव्याण्णव वेळा दोष खुरातच सापडतो.

बैलाची पत्री आणि घोड्याची नाल यांत मोठे अंतर आहे. बैलाला दोरखंडाने पाडून, चारही पाय एकत्र बांधून, प्रत्येक खुराच्या दोन नखांवर दोन स्वतंत्र पातळ पत्र्या मारतात. घोड्याचे खूर एकसंध असते, नाल मारताना तो उभा असतो, आणि खिळा कोणत्या बाजूला वळेल हे खिळ्याच्या टोकाच्या तासलेल्या बाजूवर ठरते. ती बाजू आत असावी लागते, म्हणजे खिळा वळून भिंतीबाहेर निघतो. उलटा धरला तर तो आत जिवंत भागात घुसतो. तळवा आणि भिंत यांच्या सांध्यावर पिवळट पांढरी रेघ दिसते, तिच्या बाहेरच खिळा बसला पाहिजे. शिवाय खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागे, टाचेकडे, खिळे मारायचे नसतात, कारण पाऊल टेकताना टाच किंचित फाकावी लागते. पत्री मारणारा कारागीर आपल्या कामात निष्णात असतो याबद्दल शंका नाही. मुळात हे काम त्याचे नव्हतेच.

खिळा थेट जिवंत भागात गेला तर घोडा तेव्हाच पाय झटकतो, कधी खिळ्याबरोबर रक्त येते, आणि जखम कळते. तो अगदी जवळून गेला तर घोडा एक-दोन दिवस तक्रार करत नाही, नंतर आतला दाब वाढतो, पू होतो आणि घोडा पाय टेकवेनासा होतो. आपल्या घोड्यात हेच झालेले दिसते. नाल ओढून एकदम उपटू नये. एकेक खिळा सुटा करून काढावा, घोडा कोणत्या खिळ्याला दचकतो ते पाहावे, आणि प्रत्येक खिळा निघाल्यावर नाकाजवळ न्यावा. निरोगी जागेतला खिळा कोरडा निघतो. ओला, काळपट आणि दुर्गंधी येणारा खिळा जागा सांगून जातो. त्या जागेवरून डॉक्टरांनी किंवा जाणत्या नालबंदाने करंगळीहूनही लहान वाट करून द्यायची असते. करड्या-काळ्या रंगाचे पाणी बाहेर पडले की बहुतेक घोडे काही तासांतच पाय टेकवतात. पू बंद कवचात कोंडलेला असताना इंजेक्शनातले औषध तेथवर नीट पोहोचत नाही, म्हणून तीन इंजेक्शनांनी फरक पडला नाही. वाट मिळाली नाही तर तो पू खुराच्या वरच्या कडेने फुटतो, त्यात दोन-तीन आठवडे जातात आणि पुढे तेथून फट उतरते.

वाट केल्यावर कोमट पाण्यात औषधी एप्सम सॉल्ट विरघळवून पाय त्यात दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे बुडवावा, नंतर कोरडा करून पोव्हिडोन आयोडीनचा कापूस ठेवावा आणि वरून बांधावे. लहान मुलांचा डायपर घोड्याच्या खुरावर अगदी मापाचा बसतो. त्यावर रुंद चिकटपट्टी गुंडाळली की धूळ आत जात नाही. पट्टी मात्र खुराच्या वर, केसांवर आवळून बांधू नये.

आणि आजच्या आज धनुर्वाताची लस किंवा डॉक्टर सांगतील ते प्रतिविष द्या. पाळीव जनावरांत घोड्याइतके धनुर्वाताला बळी पडणारे जनावर दुसरे नाही, आणि त्याचे जंतू घोड्याच्या लिदीत व मातीत असतातच. कान ताठ होणे, शेपूट वर उचललेली राहणे, पाय लाकडासारखे कडक होणे, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सरकून येणे ही लक्षणे दिसली की वेळ फार थोडा उरलेला असतो. दरवर्षीची लस याच्या तुलनेत काहीच खर्चिक नाही.

याच ओघात माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका टांग्याच्या घोड्याच्या पुतळीत रुतलेला लांब खिळा मी पोहोचताच उपटला, जखम धुतली आणि घरी आलो. तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला होता हे मी पाहिलेच नाही. चौथ्या दिवशी घोडा पुन्हा पाय टेकवेनासा झाला, आणि खिळ्याची वाट तोवर मिटल्याने आत सांध्यापर्यंत संसर्ग गेला आहे की नाही हे कळायला मार्गच नव्हता. तो घोडा पुढे कधी टांग्याला जुंपला गेला नाही. पुतळीच्या मधल्या भागातून खिळा सरळ आत गेला तर तेथे स्नायुबंध, लहान हाड आणि सांधा अगदी जवळ असतात. डॉक्टर लगेच येणार असतील तर खिळा तसाच ठेवावा आणि घोडा हलू नये असे पाहावे. ते येण्यास वेळ असेल आणि घोडा त्याच्यावर भार टाकून तो आणखी आत दाबणार असेल, तर खिळा काढावा, पण त्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी छायाचित्र घ्यावे, जागेवर खूण करावी आणि काढलेला खिळा जपून ठेवावा.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ आहोत. बिऱ्हाड वाहणाऱ्या घोडीच्या मागच्या दोन्ही खुरांतून पावसाळ्यापासून घाण वास येतो आणि काळे पाणी निघते. जळके ऑइल ओततो, दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. आता ती खडीवर दचकते.
(एक वाचक, कळमनुरी तालुका, जि. हिंगोली)

उत्तर : पुतळी कुजली आहे. या रोगाला थ्रश म्हणतात आणि तो वासावरूनच ओळखता येतो. हवा न लागणाऱ्या जागेत वाढणारे जंतू पुतळीच्या दोन्ही बाजूंच्या आणि मधल्या खाचेत शिरतात. आपल्या काळ्या रानातली माती पावसात खुरात लाद्यासारखी बसते, हवा बंद करते आणि जंतूंना हवी तशी जागा मिळते. त्यात घोडी अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोऱ्यांनी बांधून, रात्रभर एकाच जागी, स्वतःच्याच मुतात उभी राहिली की मागचे पाय आधी बिघडतात.

ऑइलने वास दबतो आणि खाचेवर झाकण बसते. जंतूंना तेच हवे असते. रॉकेल, फिनेल, बॅटरीचे पाणी यांनी तर चांगला भागही जळतो. खरा उपचार कंटाळवाणा आहे. पाय उचलून, बोथट टोकाच्या आकड्याने टाचेकडून पुढे, खाचांतली माती रोज दोनदा काढावी. सुटलेले, लोंबणारे कुजके तुकडे नालबंदाकडून कापून घ्यावेत, कारण त्यांच्याखाली औषध पोहोचत नाही. खाचा साध्या पाण्याने धुऊन फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात, आणि पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाची वात खाचेच्या तळापर्यंत हलकेच बसवावी, दाबून ठासू नये. दररोज वात बदलावी. साधारण दहा-बारा दिवसांत वास जातो आणि पुतळी पुन्हा रबरासारखी घट्ट लागू लागते. मोरचूद वापरायचे असेल तर सौम्य द्रावण डॉक्टरांकडून प्रमाण विचारून करावे. लालसर, जिवंत मांसावर मोरचुदाची पूड टाकू नये.

टाचेमधली मधली खाच निरोगी खुरात अंगठ्याच्या दाबाने पडावी इतकीच उथळ असते. तेथे बोटाचे पेर आत जाईल अशी चीर असेल, किंवा फुलकोबीसारखे मऊ, हात लावताच रक्त येणारे मांस वाढलेले असेल, तर घरगुती उपचार थांबवावा. ते वाढलेले मांस हा वेगळा आणि चिवट आजार असतो, त्यावर शस्त्रक्रिया लागते. आपली घोडी खडीवर दचकते, म्हणजे संसर्ग जिवंत भागापर्यंत गेलेला असण्याची शक्यता आहे, तेव्हा एकदा दाखवूनच घ्या. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

बिऱ्हाड फिरते असताना पक्का तबेला कोठून आणायचा, हा आपला प्रश्न रास्त आहे. मुक्काम बांधावर, मुरमाड चढावर किंवा रस्त्याच्या कडेच्या खडकाळ पट्टीवर करता आला तर घोडी तेथे बांधा, आणि रोज खुंटी दहा पावले सरकवा. खुंटी सरकवल्याने जे साधते ते कोणत्याही औषधाने साधत नाही. हिंडणारी घोडी निम्मे खूर स्वतःच साफ ठेवते.

प्रश्न : उन्हाळ्यापासून घोड्याच्या खुरांना खालून उभ्या चिरा पडल्या आहेत. एरंडेल लावतो, वरून शेणाचा लेप देतो. चिरा भरत नाहीत.
(एक वाचक, परंडा तालुका, जि. धाराशिव)

उत्तर : त्या भरणार नाहीत. नखाला गेलेला तडा जसा कधी सांधत नाही, तसेच हे आहे. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते आणि पुढच्या बाजूला वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवे खूर यायला ९ ते १२ महिने लागतात, म्हणून वाढू द्यायचे आणि खालून कापत जायचे हाच मार्ग आहे. खालून सुरू होणाऱ्या चिरांचे कारण बहुतेक वेळा तेलाचा अभाव नसून लांबलेले खूर हेच असते. नाल असो वा नसो, दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घ्यावे. नाल झिजली नाही म्हणून चार महिने तशीच ठेवणाऱ्यांना हे पटत नाही, पण नाल झिजली नाही तरी खूर वाढतच असते. शेणाचा लेप बंद करा, विशेषतः जेथे रक्त किंवा जखम असेल तेथे. धनुर्वाताविषयी वर लिहिले आहेच. चीर वरच्या केसाळ कडेपासून खाली उतरत असेल आणि चालताना फाकत असेल तर मात्र ती डॉक्टरांनाच दाखवावी.

प्रश्न : या वर्षी माळेगावहून घोडा घेण्याचा विचार आहे. खुरांची परीक्षा खरेदीआधी कशी करावी?
(एक वाचक, मुखेड तालुका, जि. नांदेड)

उत्तर : यात्रेत मी अनेक वर्षे गेलो आहे आणि एक गोष्ट दरवर्षी पाहतो. गिऱ्हाईक घोड्याच्या कपाळावरचे आणि मानेवरचे भोवरे अर्धा तास न्याहाळते, देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का विचारते, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला, असेल तर हरखून जाते, आणि चारही पाय न उचलता इसार देऊन मोकळे होते. भोवऱ्यांविषयी ज्याची त्याची श्रद्धा. माझे म्हणणे इतकेच की तितकाच वेळ खुरांना द्यावा. पंचकल्याणी घोड्याचे पांढरे खूर ठिसूळ असते हाही एक समज आहे. रंगावरून खुराची मजबुती ठरत नाही.

पहिली गोष्ट, खूर कोरड्या फडक्याने पुसून मागा. यात्रेत खुरांना काळे तेल किंवा बुटाचे पॉलिश लावून चमकवतात, त्यात चिरा बुजवलेल्या असतात आणि वळ्या दडलेल्या असतात. भिंतीवर आडव्या वळ्या समांतर असतील तर चिंता नाही, त्या चाऱ्यातील किंवा ऋतूतील बदलानेही पडतात. त्याच वळ्या पुढे एकमेकींजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या असतील, आणि खुराची पुढची रेघ सरळ न उतरता बशीसारखी आत दबलेली असेल, तर तो घोडा पूर्वी जखडलेला आहे. विकणारा 'लांबच्या प्रवासाने पाय अवघडले' म्हणेल. ते ऐकून घ्यावे आणि पुढच्या घोड्याकडे जावे.

समोर उभे राहून पुढच्या दोन्ही खुरांचा आकार जुळतो का ते पाहा. एक अरुंद, उभे आणि दुसरे पसरट असेल तर घोडा बराच काळ एका पायावर भार टाळत आलेला असतो. मग चारही पाय स्वतः उचला. पाय न देणारा घोडा दुखरा असेल किंवा त्याला कोणी कधी हाताळलेले नसेल, आणि दोन्ही गोष्टी किमतीत धरायच्या असतात. खाचांचा वास घ्या. तळवा अंगठ्याने दाबा, निरोगी तळवा दबत नाही. नालेखाली चामडे किंवा रबर बसवलेले असेल तर ते कशासाठी बसवले हे विचारा आणि शक्य असल्यास काढून दाखवायला सांगा.

आता हात खुरावर ठेवा, आणि त्यावरच्या ठळक गोलसर सांध्याच्या मागे, आतल्या व बाहेरच्या बाजूला, बोटांनी नाडी चाचपा. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. बोटाखाली ठणठण उडत असेल आणि एक खूर दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर आत काहीतरी चालू आहे. ही नाडी ओळखायला आपल्या गावातल्या एखाद्या धडधाकट घोड्यावर आठवडाभर सराव करून जा, कारण चांगली नाडी कशी लागते हे माहीत नसेल तर वाईट नाडी कळत नाही. उन्हात उभ्या असलेल्या घोड्याचे खूर तसेही तापते, म्हणून पहाटे गेलेले बरे.

शेवटी घोडा कडक जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून दाखवायला सांगा. मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, लगाम तोंडाजवळ धरून पळत असेल तर थांबवा, कारण डोके हलू न देण्याची ती युक्ती असते. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना डोके वर घेतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मग लहान गोलात दोन्ही बाजूंना फिरवा. सरळ चालीत लपलेले दुखणे वळणावर उघडे पडते. रिंगणात ढोलकीवर नाचणारा घोडा पाहून निर्णय करू नये, वेदनाशामक दिलेला घोडाही त्या दिवशी छान नाचतो. पसंत पडला तर पैसे न देता परत या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणाला न कळवता, तो थाणावर बांधलेला असताना पुन्हा पाहा. पहिली दहा पावले तो कशी टाकतो ते तेव्हा दिसेल.